कावळा आणि क्वार्टरबॅक

मित्र गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "अहो वहिनी, पण परवा शनिवार आहे!"

माणूस इतका मूर्ख असू शकतो यावर माझा स्वतःचा विश्वास बसला नसता, पण ते वाक्य मीच बोललो होतो. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "हो ना भाऊजी." ती खरोखरच एक अडचण असावी अशा आवाजात. मग आम्ही दोघंही फोन तसाच धरून बसलो.

गुरुवारी दुपारी शिफ्ट संपवून तो प्लांटच्या पार्किंग लॉटमध्ये आला, गाडीत बसला, गाडी सुरू केली आणि तिथेच संपला. हीटर चालू, रेडिओ चालू. सिक्युरिटीवाल्याने बराच वेळ काच वाजवली म्हणे. साठीही गाठली नव्हती. ना डायबेटीस, ना बीपी, जिने दणादणा चढणारा माणूस. त्याच दिवशी सकाळी त्याने मला मेसेज केला होता, "तुझ्या डोक्यात भुसा भरला आहे बे." त्याचं उत्तर मी शनिवारसाठी राखून ठेवलं होतं.

हे भुशाचं प्रकरण समजायचं तर आमचा वाद समजायला हवा.

मी विंडसरला गाड्यांच्या पार्ट्सचे साचे बनवणाऱ्या टूल शॉपमध्ये काम करतो. तो इंजिनच्या प्लांटमध्ये होता. सुरुवातीला काही वर्षं आम्ही एकाच ठिकाणी होतो, ओळख तिथली. मी सांगलीचा, तो नागपूरचा. विंडसरहून नदीपलीकडे बघितलं की अमेरिका, म्हणजे डेट्रॉइट. घरावर साधा अँटेना लावला तरी तिकडचे चॅनल फुकट दिसतात, आणि फुकट दिसणारी गोष्ट न बघणं आम्हा दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे कॅनडाचं स्वतःचं वेगळ्या नियमांचं फुटबॉल असताना आम्हाला नाद लागला तो पलीकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या कॉलेज फुटबॉलचा. दर शनिवारी त्याच्या घरच्या बेसमेंटमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक सामने. वीस-बावीस वर्षांची पोरं खेळतात आणि लाखभर माणसं स्टेडियममध्ये बसून गळे काढतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हबकलोच होतो. आमच्या कॉलेजच्या सामन्याला प्रिन्सिपॉलसुद्धा येत नसत.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हाती चेंडू पहिल्यांदा येतो तो. त्याचं मुख्य काम चेंडू लांब फेकायचं. मागे सरकायचं, आपला माणूस कुठे मोकळा आहे ते बघायचं आणि फेकायचं. पण काही जण फेकत बसत नाहीत, चेंडू काखेत मारून स्वतःच पळत सुटतात. कॉलेजच्या इतिहासात असे पळणारे क्वार्टरबॅक बरेच झाले. त्यांतला सर्वांत मोठा कोण, हा आमचा वाद. वर्षानुवर्षं तोच.

खरी नावं इथे लिहीत नाही. लिहिली तर वाचणाऱ्यांतला कोणीतरी तिसरंच नाव घेऊन माझ्याशी भांडायला येईल, आणि आता मला दुसऱ्या कोणाशी भांडायचं नाही. आम्हीही नावं घेत नसू. त्याचा होता तो 'बिजली'. अलीकडच्या काळातला, हरणासारखा पोरगा. मित्र नागपूरच्या विद्यापीठाकडून खो-खो खेळलेला, त्यामुळे हूल देणारा माणूस दिसला की याचे डोळे चकाकायचे. बिजली डावीकडे खांदा टाकायचा आणि उजवीकडून निसटायचा. अंगावर आलेले दोन-तीन आडदांड गडी एकमेकांना मिठी मारून पडायचे. मित्र सोफ्यावर उभा राहून ते करून दाखवायचा.

माझा होता तो 'नांगऱ्या'. जुन्या काळातला, धुरकट चित्रफितींत दिसणारा. त्या वेळी खेळायची एक पद्धत होती. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन आडवा पळत निघायचा, त्याच्या बाजूला थोडं मागे आपलाच दुसरा गडी पळत असायचा. समोर शत्रूचा एकच माणूस. तो क्वार्टरबॅककडे वळला तर चेंडू शेजाऱ्याकडे टाकायचा, शेजाऱ्याकडे वळला तर स्वतः घेऊन पळायचं. नांगऱ्याची खुबी अशी की तो शेवटच्या क्षणापर्यंत काही ठरवायचा नाही. समोरचा रेड्यासारखा अंगावर येईपर्यंत चेंडू धरून ठेवायचा, मग हळूच शेजाऱ्याकडे सोडायचा आणि स्वतः तो धक्का खाऊन आडवा व्हायचा. शेजारी मोकळ्या मैदानात पळत सुटायचा. टाळ्या शेजाऱ्याला. आणि समोरच्यांना त्याची धास्ती बसली की पुढच्या वेळी ते शेजाऱ्याकडे धावायचे, तेव्हा हा स्वतः नांगर घातल्यासारखा मधून निघून जायचा.

"मले एक सांग," मित्र म्हणायचा, "पळणारा क्वार्टरबॅक म्हणजे काय? जो पळते तो. तुझा तर पडते!"

"पडतो म्हणूनच मोठा. तुझा बिजली स्वतःसाठी पळतो."

"मग काय शेजाऱ्यासाठी पळाव का बे? सोसायटीचा सेक्रेटरी आहे का तो?"

मग पुराव्यांची मारामारी. बिजलीची टीमच तगडी होती, त्याला वाट करून देणारे पहाड होते, त्यांच्या मागून कोणीही पळालं असतं, हा माझा मुद्दा. नांगऱ्याच्या वेळचे बचाव करणारे अर्धे पोटसुटे होते, हा त्याचा. चिखलातले सामने धरायचे की नाही. दुबळ्या टीमविरुद्धच्या धावा धरायच्या की नाही. फेकता येत नसेल तर क्वार्टरबॅक म्हणायचं तरी का. इथल्या मराठी मंडळातले लोक मधूनच येऊन आपलं एखादं नाव सुचवायचे आणि आम्ही दोघं मिळून त्यांना पिटाळून लावायचो.

आमच्यात नियम एकच होता, आणि तो त्यानेच घातला होता. पटल्याशिवाय मान्य करायचं नाही. शिष्टाचार म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून नाही, समोरच्याचा वाढदिवस आहे म्हणूनही नाही. एकदा मी दमून म्हणालो होतो, "जाऊ दे, दोघंही आपापल्या जागी ग्रेट." तो इतका भडकला की त्याने टीव्हीच बंद केला. "दोघंही ग्रेट म्हणणारा माणूस लग्नात जेवाले येते अन् आहेर न देता जाते," असं म्हणाला. मला हे फार आवडलं होतं. या देशात सगळे एकमेकांना "गुड पॉइंट" म्हणत असतात. तिथे एक तरी माणूस असा होता की ज्याच्याशी खरं भांडता येत होतं.

मी मुळात कोणाकडे उगाच जाणारा माणूस नाही. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी व्हँकूव्हरला निघून गेली. चूक कोणाची हा निराळा वाद आहे आणि त्यात मला रस नाही. त्यानंतर लोकांनी कीव करून जेवायला बोलवायला सुरुवात केली, तेव्हा मी ते सगळं एकदम तोडलं. दिवाळीचा फराळ नाही, मंडळाचा गणपती नाही, कोणाच्या बेसमेंटमधली संक्रांत नाही. "जेवून आलोय" हे माझं ठरलेलं उत्तर. मित्राच्या घरचंही आमंत्रण मी कधी घेतलं नाही. पण शनिवारची गोष्ट वेगळी. तिथे मी पाहुणा नव्हतो, प्रतिपक्ष होतो. वहिनी तर्री-पोहे खाली पाठवायच्या, त्यातल्या दोन-तीन बशा मी खायचो, पण ते काही जेवण नव्हे. भांडताना माणसाला भूक लागतेच. माझं एकट्याचं उत्तम चाललं आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते मला खरंही वाटत असे.

तर असा तो मेला, आणि त्यानंतरचे दिवस मी नुसता धक्के खात होतो.

पहिला धक्का फ्युनरल होमचा. आपल्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं. इथे त्यांनी कॅलेंडर उघडलं आणि चार-पाच दिवसांनंतरची वेळ दिली, डेंटिस्टकडे देतात तशी. मग त्याला सूट चढवून, गालांना काहीतरी गुलाबी लावून ठेवलं. जन्मात त्याने सूट घातला नव्हता. मी जवळ गेलो आणि त्या गुलाबी गालांकडे बघून मला इतका संताप आला की मी बाहेर येऊन गाडीत बसलो. एक सूटवाला सभ्य माणूस माझ्यामागे आला आणि वॉशरूम हवी आहे का विचारू लागला.

दुसरा धक्का त्याच्या मुलीचा. ग्वेल्फला शेतकी शास्त्र शिकते. लहानपणापासून मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. ही पोरगी बसने आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "सगळे विधी मीच करणार. प्रॉपरली. मला स्टेप्स सांगा." तिचे काका नागपूरहून व्हिसा मिळेना म्हणून येऊ शकत नव्हते. गुरुजी मिसिसॉगाचे, आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम आणि शनिवार-रविवार पौरोहित्य. त्यांनी दिवस मोजले. दहावा नेमका शनिवारी आला.

मी जाणार नव्हतो. पिंड, कावळा यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्याचाही नव्हता. पण शनिवारी सकाळी उठलो, अंघोळ केली, कोट घातला आणि गाडी आपोआप त्यांच्याच घराकडे वळली. सवयीने बेसमेंटच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. वहिनींनी दार उघडलं आणि मला बघून तोंडाला पदर लावला.

नदीकाठच्या पार्कात जायचं ठरलं होतं. नोव्हेंबरचा शेवट, वारा असा की कानाचे तुकडे पडावेत. समोर पाण्यापलीकडे डेट्रॉइटच्या इमारती. मंडळातली पाच-सात माणसं आली होती. गुरुजींनी काठावरची एक सपाट जागा निवडली, पत्रावळ मांडली, मुलीकडून पिंड करवून घेतले, तीळ, दर्भ, पाणी, सगळं व्यवस्थित. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपण 'पक्ष्यांना खायला घालू नये' या पाटीच्या बरोबर खाली बसलो आहोत.

आम्ही मराठी माणसं कायद्याला फार भितो. एकाचं पीआरचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, काम अजून अडकलेलं होतं, तो हळूहळू दहा पावलं मागे सरकला. गुरुजी म्हणाले, आता पिंड हलवता येणार नाहीत. तेवढ्यात एक म्हातारा गोरा गृहस्थ कुत्रा घेऊन आला आणि पिकनिक आहे का म्हणून विचारू लागला. मुलीने त्याला शांतपणे समजावलं. "माझे बाबा गेले. हा भात त्यांच्यासाठी आहे. कावळ्याने खाल्ला की समजायचं, त्यांची काही इच्छा राहिली नाही." त्या माणसाने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, पाटीकडे एकदा बघितलं, आणि कुत्र्याला घेऊन लांबच्या बाकावर जाऊन पाठ करून बसला. मला वाटतं, कोणी येत नाही ना ते तो बघत होता. त्या सगळ्या आठवड्यात मला पहिल्यांदा रडू आलं ते त्याची पाठ बघून.

आधी सीगल आले. त्यांना कशाचाच विधिनिषेध नसतो. मुलगी छत्री घेऊन त्यांना हाकलत राहिली. "गुरुजी, डू दे काउंट?" तिने विचारलं. गुरुजी म्हणाले, नाही, कावळाच लागतो. मग ते हळहळले, की येताना चॅथमजवळ हायवेच्या दोन्ही बाजूंना कावळ्यांचे थवेच्या थवे बसले होते, आणि इथे एक मिळेना.

एक मिळाला. दिव्याच्या खांबावर येऊन बसला. मान वाकडी करून खाली बघितलं आणि तसाच बसून राहिला.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना माहीत असतं. जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकला आहे असं धरायचं आणि एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. वहिनी पुढे झाल्या. "पोरीचं शिक्षण पूर्ण करीन. घर विकणार नाही." कावळा ढिम्म. मुलगी हात जोडून म्हणाली, "बाबा, आय विल फिनिश. मी आईला एकटं सोडणार नाही. प्रॉमिस." कावळ्याने चोच खांबाला घासली. फोनवर व्हिडिओ लावून नागपूरच्या भावाला पत्रावळीसमोर धरलं. तो रडत रडत म्हणाला, आईचं मी बघतो, तू चिंता करू नको. फोन धरणाऱ्याची बोटं गारठून फोन खाली पडला. कावळा तिथेच.

आणि मग मंडळातला कोणीतरी मागून म्हणाला, "अहो, तो वाद!"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही म्हणून टाका ना," तो म्हणाला, "की तुझा बिजलीच मोठा. त्यातच अडकला असेल जीव."

मला वाटलं, हा थट्टा करतो आहे. पण कोणी हसत नव्हतं. गुरुजी, जो माणूस दिवसा कोड लिहितो, तो गंभीरपणे मान हलवत होता. मुलगी छत्री हातात धरून माझ्याकडे बघत होती. नाक लाल, ओठ निळे. "काका, प्लीज. जस्ट से इट. तुमचं काय जातं?"

काय जातं! माझा कावळ्यावर विश्वास नाही, तर मग एक वाक्य हवेत फेकायला मला काय हरकत होती? लोकांच्या बारशाला न जाता "मूल फार गोड आहे" असं मी फोनवर सांगतोच की. पण जीभ वळेना. इतकी वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांना एकच गोष्ट दिली होती, खोटं न बोलणं, आणि तो मेल्याबरोबर त्याच्या तोंडावर पहिलं खोटं मी बोलायचं? "नाही," मी म्हणालो. "मला पटलेलं नाही."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो, माणूस गेलाय, आणि तुम्ही काय धरून बसलात!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही पाय हलत नव्हते. मुलगी पुन्हा सीगलांकडे वळली आणि छत्री हलवू लागली, पण आता तिचा हात नुसताच वरखाली होत होता. आपल्या बापाला जाता येत नाही आणि ते या म्हाताऱ्याच्या हट्टापायी, असं तिला वाटत असणार. ते बघवेना.

मी पुढे झालो. पत्रावळीसमोर उकिडवा बसलो. गुडघ्यांनी आवाज केला. भाताच्या त्या गोळ्यांकडे बघून मी म्हणालो, "बरं, ऐक. तू म्हणत होतास ना, बिजली..."

"भाऊजी, थांबा."

वहिनी होत्या. दहा दिवसांत त्यांचा आवाज इतका खणखणीत मी ऐकला नव्हता. "खोटं बोलू नका त्यांच्यासमोर. त्यांना चालायचं नाही."

"अहो पण वहिनी, पोरीसाठी..."

"त्यांना तुमचंच पटलं होतं."

मला कळलं नाही. मी उकिडवाच वळलो आणि जवळजवळ पडलो.

"कधीच पटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "किती वर्षं झाली. तुम्ही त्यांना ते जुने व्हिडिओ पाठवले होते ना? एका संध्याकाळी ते बघत बसले. पुन्हा पुन्हा तेच लावत होते. मी भाजी चिरत होते, मला हाक मारली, म्हणाले, इकडे ये, हे बघ. हा माणूस बघ, चेंडू देऊन टाकते अन् मग मार खाते. हाच मोठा आहे, तो सांगलीवाला खरं सांगून राहिला."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज इतका मोठा निघाला की बाकावरच्या कुत्र्याने मान वळवली.

वहिनींनी क्षणभर नदीकडे बघितलं. "मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, हो म्हटलं तर तो येणार नाही मग. जेवाले बोलावलं तर येते का तो? दिवाळीले येते? फक्त भांडाले येते. शनिवारी दोन घास पोटात जातात त्याच्या, चार शब्द बोलते. ते बंद करू का? राहू दे माझा बिजली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून मी पोहे जास्त करायचे."

मी कधी असा हादरलो नव्हतो. बायको गेली तेव्हाही नाही. तेव्हा निदान सुगावा होता. इथे मी दर शनिवारी मुद्दे पाठ करून जात होतो, जिंकण्यासाठी जिवाचं रान करत होतो, आणि हा माणूस हरून बसलेला होता. समोर बसून, सोफ्यावर उड्या मारून, ज्या बिजलीवर त्याचा विश्वास उरला नव्हता त्याच्यासाठी माझ्याशी घसा कोरडा करत होता. नियम त्याचाच, आणि तोच मोडून बसला होता. मंडळातल्या लोकांकडे मी बघितलं. त्यांतल्या एक-दोघांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. माझं एकट्याचं उत्तम चाललं आहे, हे ज्यांना मी सांगत फिरत होतो त्यांनाच.

वहिनी माझ्या शेजारी येऊन खाली बसल्या. साडीवर हिवाळी जॅकेट, पायात जाड बूट. त्यांनी पिंडाला हात जोडले. "भाऊजींची काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "शनिवारी ते येतील आपल्याकडे. वाद असो नसो. जेवायला येतील."

वरून पंखांची थोडी हालचाल ऐकू आली. कावळा खांबाच्या टोकाशी सरकला होता, पण उतरला नाही.

वचन ज्याचं त्यानेच द्यायचं असतं, हे मलाही माहीत आहे. माझा विश्वास असो वा नसो. मुलीने छत्री मिटली आणि माझ्याकडे बघत राहिली, आणि आता तिच्या बघण्यात राग नव्हता. तेच मला जड गेलं. राग असता तर मी सहज नाही म्हणालो असतो.

मी भाताकडे बघत म्हणालो, "येईन."

गुरुजी हळूच म्हणाले, "पूर्ण म्हणा."

"शनिवारी येईन. जेवायला येईन."

कावळा उतरला. वर थंडीत बसून बसून भुकेला झाला असेल, समोर भात होता, कोणताही कावळा उतरला असता. त्याने मधल्या पिंडात चोच घातली, एक घास घेतला, मग दुसरा. वहिनी ओक्साबोक्शी रडायला लागल्या, मुलीने त्यांना मिठी मारली, बाया रडायला लागल्या, फोनमधून नागपूरचा भाऊ "शिवला का, शिवला का" म्हणून ओरडत होता. सगळ्यांना मोकळं वाटत होतं.

मी तिथेच बसून होतो. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. लबाडा, मी जिंकलो होतो आणि तू मला कळू दिलं नाहीस, असं त्याच्या तोंडावर ओरडायचं होतं. मग त्याने "तू काय बोलून राहिला बे" म्हणावं, मी पुन्हा ओरडावं, आणि संध्याकाळ व्हावी. पण त्याने हार कबूल केली होती, वाद संपला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला उलट उत्तर द्यायला समोर कोणी नव्हतं.